जपानी तलवारीची पारख

खंडेनवमीला आमच्या घरी देवापुढे पाट मांडून त्यावर हत्यारे ठेवतात. कोयता, खुरपी, कुऱ्हाड, आबांचा सुतारकामाचा रंधा, माझे पेन आणि या सर्वांच्या मागे भिंतीला टेकवलेली एक जपानी तलवार. ही तलवार माझ्या पणजोबांनी आणली. ते मराठा पलटणीत जमादार होते आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. १९४६ साली ते सुटीवर गावी आले, तेव्हा ट्रंकेत घोंगडीत गुंडाळलेली ही तलवार होती, एवढेच आबांना ठाऊक आहे. पणजोबा लढाईविषयी घरात बोलत नसत आणि आबांनाही कधी विचारण्याचे धाडस झाले नाही.

२०२१ च्या खंडेनवमीला, मी अकरावीत असताना, तलवार पुसण्याचे काम प्रथमच माझ्याकडे आले. मुठीत आरपार बसवलेली बांबूची एक लहानशी खुंटी ढिली झाली होती. ती खिळ्याने ठोकून काढल्यावर सबंध मूठच हातात आली आणि पात्याचा मुठीत लपलेला भाग उघडा पडला. तो काळपट, खडबडीत आणि गंजलेला होता. गंजाच्या थरात छिन्नीने मारल्यासारख्या काही रेघा दिसत होत्या. मला वाटले, कुठे तरी घासटल्याचे ओरखडे असतील. इतकी सुरेख तलवार आणि आत हा गंज! मी पॉलिशपेपर आणला, मग चिंच, मग राख; दोन तास खपून तो भाग आजीच्या कळशीसारखा लख्ख केला. घरात सर्वांनी शाबासकी दिली.

दोन वर्षांनी, प्रथम वर्षात असताना, आपल्या ग्रंथालयात जपानी तलवारींवरचे एक इंग्रजी पुस्तक हाती पडले. त्यात जाड ठशात एक सूचना छापली होती : मुठीतल्या भागाचा गंज कोणत्याही परिस्थितीत काढू नये. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे सरांच्या ओळखीने पुण्याच्या एका संग्राहकांकडे तीनदा जाऊन आलो. त्यांच्याजवळची दोन पाती पाहिली आणि बऱ्याच प्रश्नांची उत्तरे मिळाली. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांत फौजी घराणी पुष्कळ आहेत. वाचकांपैकी आणखी कुणाच्या माळ्यावर अशी तलवार असणे अगदी शक्य आहे. निदान त्यांच्या हातून तरी माझ्यासारखी चूक होऊ नये, म्हणून हा लेख.

या तलवारी आपल्याकडे आल्या कशा, ते आधी सांगतो. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली. तिकडे जनरल मॅकार्थर यांना तलवारी स्वाधीन करण्याचा समारंभ नको होता. परंतु आग्नेय आशियात लॉर्ड माउंटबॅटन यांनी आग्रह धरला की, जपानी अधिकाऱ्यांनी आपापल्या तलवारी सर्वांसमक्ष खाली ठेवल्याच पाहिजेत. क्वालालंपूरला फेब्रुवारी १९४६ मध्ये झालेल्या अशा एका समारंभाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. जपानी अधिकारी रांगेने उभे आहेत आणि त्यांच्या तलवारी पुढ्यात जमिनीवर आहेत. अशा तलवारी पुढे आठवण म्हणून विजेत्या सैन्यातल्या लोकांकडे गेल्या. बहुतेक इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियाला पोहोचल्या आणि थोड्या आपल्याकडेही.

आता तलवारीकडे वळू. आपल्या मराठी तलवारीत पाते मुठीत बसवताना लाख-राळेसारखे द्रव्य ओतून ते कायमचे पक्के करतात. मूठ काढून पाते पाहण्याची सोयच नसते, आणि पाहण्याची गरजही कुणाला वाटत नसे. पुष्कळदा पाते फिरंगी आणि मूठ देशी, असा मामला! जपानी तलवार याच्या अगदी उलट. तिची मूठ लाकडाची. तिच्यावर पाकट माशाचे खरबरीत कातडे आणि त्यावर रेशमी फीत विणलेली. ही सगळी मूठ त्या एका बांबूच्या खुंटीवर अडकलेली असते. खुंटी काढली की मूठ, हाताच्या रक्षणासाठी असलेली गोल चकती आणि पाते सुटे होतात. मूठ, म्यान, चकती यांना जपानी माणूस तलवारीची वस्त्रे समजतो. वस्त्रे बदलतात. चारशे वर्षांच्या पात्याने चार-पाच वेळा कपडे बदललेले असणे यात नवल नाही. म्हणून पारख करावयाची ती पात्याची.

पात्याच्या लांबीवरून नावे पडली आहेत. जपानी शाकू म्हणजे सुमारे ३०.३ सेंटिमीटर, जवळजवळ आपला फूटच. दोन शाकूंहून लांब असेल ती कताना किंवा ताची, एक ते दोन शाकूंमधली वाकिझाशी, एका शाकूहून कमी असेल तो तांतो, म्हणजे आपल्या भाषेत कट्यार. लांबी मोजायची ती टोकापासून पात्याच्या पाठीवर मुठीपाशी असलेल्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. ताची आणि कताना यांतला फरक बाळगण्याच्या पद्धतीचा. घोडेस्वाराची ताची कमरेला धार खाली ठेवून लटकवीत. पुढच्या काळातली कताना पट्ट्यात धार वर करून खोवीत. ही माहिती क्षुल्लक वाटेल, पण लोहार आपली सही सामान्यतः अंगापासून बाहेरच्या बाजूला येईल अशी कोरीत असे. तेव्हा सही कोणत्या बाजूला आहे यावरून पाते मुळात ताची म्हणून घडवले की कताना म्हणून, हे कळते.

हे पोलाद कसे तयार होते हे समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. जपानमध्ये लोखंडाचे दगड फारसे नाहीत; त्यांनी नदीकाठच्या काळ्या लोहयुक्त वाळूपासून पोलाद केले. मातीच्या भट्टीत वाळू आणि कोळसा यांचे थर आलटूनपालटून घालीत तीन दिवस तीन रात्री जाळ चालू ठेवायचा, आणि शेवटी भट्टी फोडून पोलादाचा गोळा बाहेर काढायचा. ही भट्टी म्हणजे तातारा. युद्धानंतर हे काम बंद पडले होते; १९७७ साली शिमाने प्रांतात अशी एक भट्टी पुन्हा पेटवली गेली आणि आजचे परवानाधारक तलवार-लोहार तिथलेच पोलाद वापरतात. (या लोहारांना महिन्याला दोनच लांब तलवारी घडवण्याची मुभा आहे.) पोलादाचे तुकडे जोडून, ठोकून, घडी घालून पुन्हा ठोकायचे. दहा घड्यांत हजारावर थर होतात, पंधरा घड्यांत बत्तीस हजारांवर. आपल्या दक्षिणेत मुशीत वितळवून पोलाद करीत आणि त्याच्या पात्यावर जौहर उमटे. जपानी पात्यावरचा पोत हा या घड्यांचा पोत आहे. दोन्ही दिसतात देखणे, पण त्यांचे मूळ वेगळे.

सर्वांत नाजूक काम पाणी देण्याचे. आपला गावचा लोहारसुद्धा विळ्याला पाणी पाजतो आणि पाणीदार हा शब्द आपण माणसालाही लावतो. जपानी लोहार सबंध पात्याला ओल्या मातीचा लेप देतो : पाठीकडे जाड, धारेकडे अगदी पातळ. मग अंधाऱ्या भट्टीघरात पाते तापवून, त्याचा रंग पाहून, एकदम पाण्यात बुडवतो. पातळ लेपाखालची धार झटकन थंड होऊन अत्यंत कठीण होते. जाड लेपाखालची पाठ हळू थंड होते आणि चिवट राहते. कठीण झालेले पोलाद किंचित फुगते, म्हणून धार लांबते आणि पाते पाठीकडे वाकते. जपानी तलवारीचा तो सुंदर बाक मोठ्या अंशी पाण्याने दिलेला असतो! याच वेळी पुष्कळ पात्यांना तडाही जातो आणि कित्येक दिवसांचे काम वाया जाते. कठीण धार आणि मऊ अंग यांच्या सीमेवर जी पांढुरकी रेषा उमटते तिला हामोन म्हणतात. ती सरळ असेल, लाटांसारखी असेल, लवंगेच्या कळ्यांसारखी असेल. लेप कसा दिला यावर ते अवलंबून.

पारख करणारा पाते हातात घेतल्यावर प्रथम घाट पाहतो. पाते हात लांब करून उभे धरायचे आणि त्याची नुसती आकृती पाहायची. बाराव्या शतकाच्या सुमाराची ताची मुठीजवळ खूप वाकलेली आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली, टोक अगदी छोटे. चौदाव्या शतकात प्रचंड, रुंद, लांब टोकाच्या तलवारींची आवड निर्माण झाली; त्यांतल्या पुष्कळ पुढे कापून लहान केल्या गेल्या. पंधराव्या-सोळाव्या शतकांत पायदळाची लढाई वाढली, तेव्हा एका हाताने झटकन उपसता येतील अशा आखूड मुठीच्या तलवारी आल्या. आणि १६६१ ते १६७३ या कानबुन काळातल्या तलवारी जवळजवळ सरळ. तोवर लढाया थांबल्या होत्या आणि सरदार आखाड्यात बांबूच्या सरळ काठीने सराव करू लागले होते, असे त्याचे कारण देतात. म्हणजे घाटावरून काळ कळतो. स्थूलमानाने १५९६ पूर्वीच्या त्या कोतो म्हणजे जुन्या तलवारी, पुढे १७८० पर्यंतच्या शिंतो म्हणजे नव्या, त्यानंतर १८७६ पर्यंतच्या शिनशिंतो म्हणजे नव्या-नव्या. १८७६ साली मेइजी सरकारने सामान्य माणसाला तलवार बाळगून फिरण्याची बंदी केली आणि हजारो लोहारांचा धंदा बसला.

घाटानंतर पोत. हा पाहताना पाते दिव्याच्या थोडे खाली, आडवे धरून सावकाश हलवावे लागते. पुण्याच्या त्या संग्राहकांनी मला पंधरा मिनिटे नुसते असे बसवले. प्रथम काहीच दिसेना, नुसता आरसा. मग एकदम सागाच्या फळीवर दिसतात तशा बारीक उभ्या रेषा उमटल्या, आणि एकदा दिसल्यावर त्या न दिसणे अशक्य झाले! अशा सरळ रेषा यामातो प्रांताच्या पात्यांचे लक्षण. जुन्या तलवारींची पाच घराणी मानतात, आपल्या गाण्यातल्या घराण्यांसारखीच : यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू आणि मिनो. यामाशिरोच्या पात्याचा पोत अतिशय बारीक. बिझेनच्या पात्यावर हामोनच्या वरच्या बाजूला धुक्यासारखी छाया असते. सोशूच्या हामोनमध्ये चमकदार कण. मिनोच्या हामोनला टोके असतात. त्या प्रांतातल्या सेकी गावच्या कानेमोतो या लोहाराच्या पात्यांवर तीन-तीन देवदार वृक्षांचे शेंडे रांगेने उभे असल्यासारखी रेषा दिसते.

हामोनमधले कण हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. जे सुटे सुटे, बारीक रव्यासारखे दिसतात ते निए. जे इतके सूक्ष्म की नुसते धुके वाटावे ते निओइ. बनावट किंवा कारखानी पात्यावर आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने पांढरी रेषा काढतात, पण हे कण तिथे नसतात. भिंगाखाली धरले की भेद कळतो. टोकातही हामोन असावा लागतो. तो टोकात पोहोचण्याआधीच धारेवरून निसटला असेल, तर टोक कधी तरी मोडून पुन्हा घासलेले असते. धारेला आडवा जाणारा, केसाएवढा बारीक तडा असेल तर ते पाते कितीही नामांकित असले तरी संपले. हा तडा चटकन दिसत नाही, म्हणून विकत घेणारा धार वर धरून इंच-इंच पाहतो.

जपानात या विद्येच्या सभा भरतात, तिथे जाण्याची माझी फार इच्छा आहे. पाच पाती मांडलेली असतात, मुठीतला भाग कापडाने झाकलेला. सदस्य एकेक पाते पाहून, ते कोणत्या लोहाराचे हे चिठ्ठीवर लिहून देतात. परीक्षक चिठ्ठीवर उत्तर देतो. नेमके नाव बरोबर असेल तर ‘अतारी’, म्हणजे लागले. नाव चुकले पण त्याच परंपरेतला जवळचा लोहार लिहिला असेल तर ‘दोझेन’, म्हणजे जवळजवळ तेच. प्रांत बरोबर असेल तर तसे सांगतात, काळ चुकला असेल तर तसे. यांपैकी काहीच नसेल तर नुसते ‘नाही’. दुसरी संधी मिळते, तिसरीही मिळते. आमच्या परीक्षांमध्ये अशी पद्धत असती तर काय बहार होती! पण यातली खरी गोष्ट अशी की, तिथे नाव सर्वांत शेवटी उघड होते. आधी पाते स्वतः काय सांगते ते ऐकायचे, मग सही काय म्हणते ते पाहायचे, आणि दोघांचे जमत नसेल तर पात्यावर विश्वास ठेवायचा.

आता ज्या भागासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतो. मुठीत शिरणाऱ्या त्या भागाला नाकागो म्हणतात. पात्याला शतकानुशतके तेल लावतात, घासतात, उजळतात. नाकागोला मात्र कोणी हात लावीत नाही. तो लाकडाच्या मुठीत, अंधारात, हळूहळू गंजत राहतो. शे-दोनशे वर्षांच्या गंजाचा रंग तपकिरी, चार-पाचशे वर्षांच्या गंजाचा काळा, गुळगुळीत, तेल मुरल्यासारखा. त्या रंगावरून आणि पोतावरून जाणकार वयाचा अंदाज घेतात. मूठ निसटू नये म्हणून लोहाराने नाकागोवर कानशीने ओढलेल्या रेघा असतात. त्या आडव्या आहेत, तिरप्या आहेत की दुहेरी, यावरूनही घराणे कळते. खुंटीची भोके किती, हेही पाहतात. एकाहून अधिक असतील तर पाते कधी तरी कापून लहान केले असेल किंवा नव्या मुठीत बसवले असेल. लहान करताना नाकागो खालून कापतात, त्यामुळे कित्येकदा सहीच जाते. म्हणूनच अत्यंत थोर पाती पुष्कळदा बिनसहीची असतात.

सही छिन्नीने कोरलेली. तीत लोहाराचे नाव, बहुधा प्रांत आणि गाव, दुसऱ्या बाजूला कधी तारीख. उदाहरणार्थ, ‘बिशू ओसाफुने सुकेसादा’ म्हणजे बिझेन प्रांतातल्या ओसाफुने गावचा सुकेसादा. पण गंमत अशी की, सोळाव्या शतकात या नावाचे लोहार डझनांनी होते आणि लढायांच्या धामधुमीत त्यांनी ढिगांनी माल काढला. ज्यात लोहाराचे सबंध व्यक्तिनाम आले आहे, अशी मागणीवरून घडवलेली पाती वेगळी, नुसते सुकेसादा लिहिलेली वेगळी. तारखा वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्याला घरच्यासारखे वाटते. आपल्याकडे शिवराज्याभिषेकाची नोंद शके १५९६, आनंदनाम संवत्सर अशी करतात. जपानीतही सम्राटाच्या काळाचे नाव, वर्ष आणि कधी साठ वर्षांच्या चक्रातले नाव असते. साठ संवत्सरांचा फेरा त्यांच्याकडे चीनवरून गेला. ओसाफुनेच्या तारखा बहुतेक दुसऱ्या किंवा आठव्या महिन्याच्या दिसतात. लोहार वर्षातून दोनच महिने काम करीत नसणार. तो लिहिण्याचा संकेत होता.

खोट्या सह्या हा या क्षेत्रातला फार जुना उद्योग. थोर नाव जितके मोठे, तितक्या त्याच्या खोट्या सह्या अधिक. तेराव्या शतकाच्या अखेरीस आणि चौदाव्याच्या आरंभी होऊन गेलेला मासामुने हा सर्वांत नामांकित लोहार. त्याची खरी, सही असलेली पाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा ‘मासामुने’ असे ठळक कोरलेले पाते कुणी दाखवले तर हसू दाबावे आणि पुढे जावे. सतराव्या शतकातल्या कोतेत्सूबद्दल तर जपानात असे म्हणतात की, कोतेत्सू दिसला की तो खोटा समजावा. खोटी सही ओळखण्याचे एक साधन म्हणजे गंज. सही खरी असेल तर छिन्नीच्या चरांतला गंज आणि आजूबाजूचा गंज एकाच वयाचा असतो. जुन्या नाकागोवर मागाहून नाव कोरले तर चरांत नवा गंज दिसतो, किंवा तो आणण्यासाठी केलेली रासायनिक कारागिरी दिसते. मी दोन तासांत पॉलिशपेपरने पुसून टाकले ते हे सगळे.

ही पारख एका घराण्याच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या होती. होनआमी हे तलवारी उजळणारे आणि पारखणारे घराणे. ते पात्याची परीक्षा करून घडी घातलेल्या कागदावर प्रमाणपत्र देत आणि त्यात सोन्याच्या नाण्यांत किंमत लिहीत. शोगुन योशिमुने याच्या आज्ञेवरून त्यांनी १७१९ च्या सुमारास देशातल्या नामांकित पात्यांची यादी केली. आज हे काम मुख्यतः १९४८ साली स्थापन झालेली कलात्मक तलवारींचे जतन करणारी जपानी संस्था करते. तिची प्रमाणपत्रे चढत्या क्रमाने चार प्रतींची आहेत. १९८२ पूर्वीच्या जुन्या पद्धतीच्या प्रमाणपत्रांवर संग्राहक डोळे मिटून विसंबत नाहीत, ते पाते पुन्हा तपासून घेतात.

या संस्थेच्या जन्माची कथा आपल्या विषयाशी जोडलेली आहे. युद्ध संपल्यावर दोस्त सैन्याने जपानमधली सर्व शस्त्रे जमा करण्याचा हुकूम काढला आणि त्यात तलवारीही आल्या. कित्येक वितळवल्या गेल्या, कित्येक समुद्रात टाकल्या गेल्या. होनमा जुंजी आणि सातो कान्झान यांच्यासारख्या अभ्यासकांनी कर्नल कॅडवेल या अमेरिकन अधिकाऱ्याला पटवून दिले की, जुनी पाती ही शस्त्रे असली तरी कलावस्तू आहेत, आणि त्यांतली पुष्कळ वाचली. सगळी नाही. तोकुगावा घराण्याजवळ ‘होंजो मासामुने’ नावाची तलवार होती, १९३९ साली राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेली. तोकुगावांनी कायद्याचा मान राखून ती डिसेंबर १९४५ मध्ये टोकियोतल्या मेजिरो पोलिस ठाण्यात जमा केली. तिथून ती दोस्त सैन्याच्या ताब्यात गेली आणि आजतागायत सापडलेली नाही. कुणाच्या माळ्यावर असेल, कुणी घासून लख्खही केली असेल! याउलट, कागोशिमाच्या तेरुकुनी देवळाची कुनिमुने या लोहाराची हरवलेली ताची अमेरिकेत डॉ. वॉल्टर कॉम्प्टन यांच्या संग्रहात ओळखली गेली; त्यांनी ती १९६३ साली देवळाला परत केली, मोबदला न घेता.

आपल्याकडे आलेल्या तलवारी बहुतेक लष्करी. १९३४ पासून जपानी अधिकाऱ्यांसाठी जुन्या ताचीच्या धर्तीवर तलवार ठरवली गेली. चकतीवर, मुठीवर चेरीची फुले. शिपाई-हवालदारांसाठी १९३५ पासून कारखान्यात बनवलेली वेगळी तलवार. तिची मूठ धातूची ओतीव, वर रंग देऊन विणलेल्या फितीचा भास आणलेला आणि पात्यावर आकड्यांत क्रमांक. अशा तलवारीला इतिहासाची किंमत आहे, कलेची नाही. अधिकाऱ्यांच्या तलवारीत मात्र दोन प्रकार. पुष्कळ पाती युद्धकाळात यंत्राच्या साहाय्याने केलेली आणि पाण्याऐवजी तेलात थंड केलेली. त्यांच्या नाकागोवर अनेकदा लहानसा शिक्का असतो. पण काही अधिकाऱ्यांनी घरातले वडिलोपार्जित पाते लष्करी मुठीत बसवून आघाडीवर नेले होते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. मूठ काढल्याशिवाय भेद कळत नाही आणि मूठ काढल्यावर नाकागो नीट पाहिल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा घरात अशी तलवार असेल तर एवढेच करावे. खुंटी बोथट लाकडी दांड्याने हलकेच काढावी. पात्याला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. घामाचे ठसे काही दिवसांत गंज होऊन बसतात. मऊ, स्वच्छ कापडाने पुसून अगदी पातळ खनिज तेलाचा हात द्यावा. जपानी लोक लवंगेचा वास असलेले तेल वापरतात. चिंच, राख, विटेची पूड, पॉलिशपेपर यांपैकी काहीही नको, आणि हळदकुंकूही पात्यावर नको, कारण ते ओलावा धरून ठेवते. शिकलगाराच्या चाकावर तर मुळीच देऊ नये. तो आपल्या कामात तरबेज असतो, पण चाकाने पात्याच्या कडा आणि पोत दोन्ही जातात. जपानी उजळणारा एकामागून एक दगडांवर, शेवटी नखाएवढ्या दगडाच्या पापुद्र्यांनी, अंगठ्याखाली घासून काम करतो आणि ते शिकायला दहा वर्षे लागतात. नाकागोचे छायाचित्र घ्यावे. पातळ कागद ठेवून, नाण्याचा ठसा घेतो तसा पेन्सिलीने ठसा घेतला तर अधिक चांगले. जपानी अभ्यासकही हेच करतात.

संग्रह करण्याची हौस असणाऱ्यांना संग्राहकांनी सांगितलेले एकच वाक्य सांगतो : गोष्ट विकत घेऊ नका, पाते घ्या. ‘अमक्या सेनापतीची’, ‘अमक्या लढाईतली’ ही वाक्ये फुकट मिळतात. शिवाय बाजारात नवी चिनी बनावटीची पाती ढिगांनी आहेत. कायद्याचेही पाहावे लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे तलवार हे शस्त्रच आहे. तेव्हा परवान्याचे काय, ते पोलिस ठाण्यात विचारून घ्यावे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, त्यामुळे जुने पाते सहज परदेशी धाडता येणार नाही.

आता आमच्या तलवारीचे. म्यान लाकडाचे, वर चामड्याचे आवरण. चकतीवर चेरीची फुले. म्हणजे अधिकाऱ्याची लष्करी मूठ. पाते चौसष्ट सेंटिमीटर. नाकागोला भोके दोन, त्यांतले एकच वापरातले. शिक्का नाही. संग्राहकांनी दिव्याखाली पाते बराच वेळ पाहिले. पोत आहे, हामोनमध्ये धुके आहे, घाटावरून सोळावे शतक वाटते, बहुधा बिझेनकडचे, असे ते म्हणाले. मग त्यांनी मूठ काढली आणि नाकागो पाहून काहीच बोलले नाहीत. भिंगातून दोन चर दिसले, एका अक्षराचा खालचा भाग असावा. ते सुकेसादाचे असेल, आणखी कुणाचे असेल, किंवा शंभर वर्षांपूर्वी एखाद्या व्यापाऱ्याने कोरलेली खोटी सहीही असेल. खोटी होती असे म्हणायलाही आता आधार उरलेला नाही. ज्या अधिकाऱ्याची ती तलवार होती त्याचे घराणे शोधायची माझी मनातल्या मनात एक योजना होती. युद्धातून नेलेल्या तलवारी अशा परत गेल्याची उदाहरणे आहेत. कुणाला पत्र लिहिणार, आणि त्यात काय लिहिणार?

२०२४ च्या खंडेनवमीला आजी हळदकुंकवाचे तबक घेऊन आली तेव्हा मी तिला सगळे समजावून सांगितले. ती म्हणाली, “पात्याला नको तर म्यानाला लावते, त्याला काय होतंय?” आणि चामड्यावर बोट टेकवले. आबांना माझा अपराध आता ठाऊक आहे, ते रागावले नाहीत, पण अधूनमधून मला मूठ काढायला लावतात आणि चष्मा पुसून विचारतात, “आला का रे गंज परत?” थोडा आला आहे. लालसर आहे. तो तीन वर्षांचा आहे.